यंत्राचे बाहू आणि भुलेची मात्रा

यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेचे कौतुक करताना लोकांची दृष्टी यंत्राच्या बाहूंवरच खिळते. त्या बाहूंना निर्वेध काम करता यावे म्हणून रुग्णाच्या शिरेतून संथपणे जे औषध जात असते, त्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचे उदाहरण घ्यावे. रुग्ण बहुधा उतारवयाचा. त्याचे डोके खाली व पाय वर राहतील असे टेबल झुकवतात आणि पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. फुप्फुसांना प्रसरणास जागा उरत नाही. मेंदूतील व डोळ्यांतील दाब वाढतो. यंत्राची हत्यारे शरीरात असताना रुग्ण किंचित हलला, तरी इजा संभवते.

अमेरिकेत प्रोपोफॉलला १९८९ साली, तर डेक्समेडेटोमिडीनला १९९९ साली मान्यता मिळाली. आज अशा शस्त्रक्रियांत या दोन औषधांची तुलना केली जाते. प्रोपोफॉल एकट्याच्या बळावर बेशुद्धी टिकवू शकते आणि त्याचा अंमल लवकर ओसरतो. परंतु ते रक्तदाब उतरवते व श्वास मंदावते. डेक्समेडेटोमिडीन मुख्य भुलेला जोड म्हणून देतात. त्याने अफूवर्गीय वेदनाशामकांची गरज घटते व श्वासावर फारसा ताण येत नाही; तथापि नाडी मंदावते आणि जाग येण्यास विलंब लागू शकतो.

मग श्रेष्ठ कोणते? वस्तुतः हा प्रश्नच सदोष आहे. जाग येण्यास किती मिनिटे लागली, हे मोजणे सोपे. पण दुसऱ्या दिवशी वृद्ध रुग्णाचे भान शाबूत आहे काय, वेदना सुसह्य आहेत काय, हे अधिक महत्त्वाचे. ज्याची नाडी मुळातच मंद आहे, त्याला एक औषध घातक. ज्याचे हृदय दुबळे आहे, त्याच्या बाबतीत दुसऱ्याची मात्रा जपून ठरवावी लागते. तुलनेचे निष्कर्ष भूलतज्ज्ञाला दिशा दाखवतात. समोरच्या रुग्णाचा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो.

म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वीची भूलतज्ज्ञाची भेट हा केवळ उपचार समजू नये. चालू औषधे, जुने विकार, पूर्वीच्या भुलेचा अनुभव रुग्णाने निःसंकोच सांगावा. रुग्णालयानेही त्यासाठी पुरेसा वेळ राखावा. यंत्रावर कोट्यवधी रुपये खर्चून या भेटीला पाच मिनिटेही न देणारी व्यवस्था आधुनिक म्हणवून घेण्यास पात्र ठरणार नाही.