परीक्षेतील इंग्रजी लेख : पाठांतर नव्हे, वाचकाशी संवाद

इंग्रजी विषयाच्या परीक्षांमध्ये निबंध, पत्र व वृत्तांत यांच्या जोडीला 'लेख' हा प्रकारही विचारला जातो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या प्रश्नपत्रिकेत त्याचा समावेश असतो. केंब्रिज विद्यापीठाच्या 'बी-२ फर्स्ट' या परीक्षेतही त्याला स्थान आहे. १९३९ साली 'लोअर सर्टिफिकेट' या नावाने सुरू झालेली ही परीक्षा १९७५ पासून 'फर्स्ट सर्टिफिकेट' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या लेखनपत्रिकेत ८० मिनिटांत दोन उत्तरे लिहावयाची असतात. पहिला निबंध अनिवार्य असतो. दुसऱ्या उत्तरासाठी लेख हा एक पर्याय असू शकतो. प्रत्येक उत्तराची मर्यादा १४० ते १९० शब्दांची आहे.

निबंध आणि लेख यांतील भेद

निबंध शिक्षकांसाठी लिहिला जातो. त्यात मुद्देसूद युक्तिवाद अपेक्षित असतो. लेख मात्र एखाद्या मासिकाच्या वाचकांसाठी आहे, असे प्रश्नातच गृहीत धरलेले असते. हा वाचक कंटाळला तर पान उलटेल, याची जाणीव ठेवूनच लेख लिहावा लागतो. आशय, संवादाची परिणामकारकता, मांडणी आणि भाषा या चार निकषांवर केंब्रिजचे परीक्षक प्रत्येकी ५ पैकी गुण देतात. केवळ व्याकरणशुद्ध लेखन पुरेसे नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थी नेमके येथेच मागे पडतात. 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड' अशा ठरावीक शब्दांनी आरंभ करून मार्गदर्शकातील पाठ केलेले परिच्छेद ते उतरवून काढतात. त्यामागे चूक होण्याची भीती असते. वस्तुतः चुका झाल्या तरी त्यांमुळे संवादात अडथळा येत नसेल, तर भाषेच्या निकषावर मधल्या श्रेणीचे गुण मिळू शकतात. विचारलेल्या मुद्द्याला सोडून केलेले पाठांतर मात्र आशयाचे गुण घालविते.

जिवंतपणा कशाने येतो?

'तुमच्या परिसरातील पाहण्याजोगे ठिकाण' असा विषय आहे, असे समजू. 'आमच्या गावचा आठवडी बाजार प्रसिद्ध आहे. तेथे अनेक वस्तू मिळतात', हे वाक्य कोणत्याही गावाला लागू पडेल. याउलट, 'सकाळी नऊच्या आत आलात तर ओल्या गोणपाटावरची कोथिंबीर हिरवीगार मिळेल. चार वाजता आलात तर तीच जुडी निम्म्या भावात मिळेल, पण माना टाकलेली', असे सोप्या इंग्रजीत लिहिले तर वाचक बाजारात जाऊन उभा राहतो. येथे अवघड शब्द एकही नाही. आहे ते निरीक्षण. वाचकाला 'तुम्ही' म्हणून केलेले संबोधनही त्यात आपोआप आले आहे.

शीर्षक लहान व कुतूहल वाढविणारे असावे. आरंभी एखादा प्रश्न किंवा दृश्य यावे. एका परिच्छेदात एकच मुद्दा मांडावा. दोन लांब वाक्यांनंतर एक आखूड वाक्य घातल्यास लेखनाला गती येते. लेखकाचे स्वतःचे मत स्पष्ट दिसले पाहिजे. शेवटी सारांशाची पुनरुक्ती टाळून वाचकाला एखादे निमंत्रण द्यावे किंवा विचार करावयास लावावे. तथापि, ओळीओळीला प्रश्नचिन्हे व उद्गारचिन्हे पेरल्याने लेख रंजक होत नाही. तो कृत्रिम होतो. प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या असतील तर दोहोंचे उत्तर आले पाहिजे, हे पथ्य सर्वांत महत्त्वाचे.

दोन उत्तरांना प्रत्येकी ४० मिनिटे धरल्यास पहिली पाच-सात मिनिटे मुद्दे टिपण्यासाठी व शेवटची पाच मिनिटे तपासणीसाठी राखून ठेवणे हिताचे ठरते.

शिक्षकांना काय करता येईल?

इंग्रजीतून वाचकांशी बोलणे महाराष्ट्राला नवे नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली सुरू झाले, तेच मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. वर्गातही असा वाचक निर्माण करता येतो. विद्यार्थ्यांचे लेख भित्तिपत्रकावर लावावेत आणि कोणत्या ओळीपाशी वाचन थांबवावेसे वाटले, ते वर्गबंधूंनाच सांगू द्यावे. लाल शाईपेक्षा ही खूण अधिक शिकविते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात एखादे इंग्रजी नियतकालिक येत राहिले, तर चांगला लेख कसा असतो हेही मुलांच्या नजरेस पडेल.

एसटीची वाट पाहणारे प्रवासी, पाण्याच्या टाकीखालची रांग, जत्रेची रात्र हे सारे ग्रामीण विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पाहिलेले असते. लेखाला लागणारी सामग्री त्याच्यापाशी भरपूर आहे. ती परीक्षेच्या कागदावर उतरविण्यास योग्य आहे, एवढा विश्वास शिक्षकांनी त्याला द्यावयास हवा.