पहिला रिजेक्ट आणि खालून वर लिहिलेली यादी

पहिला रिजेक्ट कधी आणि कुठे गाठेल याचा नेम नसतो. मला त्याने मेसच्या रांगेत गाठलं. जानेवारीचा पहिला आठवडा, एका हातात ताट, दुसऱ्या हातात मोबाईल आणि त्यावर अमेरिकेतल्या एका नामवंत विद्यापीठाचा मेल. पहिल्या ओळीत आभार, दुसऱ्या ओळीत खेद. पुढचं वाचायची गरजच नव्हती. त्या दिवशी भाजी कसली होती ते आजही आठवत नाही.

रात्री विंगमध्ये दोन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणे, "अरे एकच तर आलाय, अजून सात आहेत ना!" दुसरा म्हणे, "संपलं. गेटचा फॉर्म तरी भरला होतास का?" दोघंही मनापासून बोलत होते आणि दोघंही चुकत होते. एका नकारावरून माझी लायकी ठरत नव्हती, हे खरं. पण माझ्या यादीबद्दल तो नकार नक्कीच काहीतरी सांगत होता. एमएसच्या वाटेवर असलेल्या ज्युनिअर्ससाठी तेच इथे लिहितोय.

ती प्रसिद्ध एक्सेल शीट

माझी यादी कशी झाली होती? तुमची होते तशीच. सीनिअरकडून आलेली एक्सेल शीट, त्याला त्याच्या सीनिअरकडून आलेली. त्यातून रँकिंग बघून पहिल्या पंचवीसमधली आठ नावं उचलली. वरच्या तिघांना 'ॲम्बिशियस' म्हटलं, मधल्या तिघांना 'मॉडरेट' आणि शेवटच्या दोघांना 'सेफ'. सेफ का? तर त्यांचा नंबर विसाच्या पुढचा, म्हणून! रिजेक्ट आला तेव्हा आठपैकी पाच अर्ज गेले होते, तीन बाकी होते.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट गाइड सरांना ही यादी दाखवली. सरांनी पेनाने शेवटच्या नावावर टिचकी मारली.

"इथे ॲडमिशन मिळाली तर जाशील?"

मी गप्प.

"बरं, इथे तुला घेतीलच असं कशावरून म्हणतोस?"

मी पुन्हा गप्प.

"मग ही यादी नाही रे. ही नवसांची वही आहे."

थोडं गणित

समजा, आठही ठिकाणी तुमची शक्यता प्रत्येकी १० टक्के आहे. एका ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता ०.९. आठही ठिकाणी नकार मिळण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे साधारण ०.४३. 'आठ ठिकाणी भरलंय, कुठेतरी होईलच' म्हणणाऱ्याच्या हाती काहीच न येण्याची शक्यता ४३ टक्के!

आता तेवढेच आठ अर्ज, पण तीन ठिकाणी १० टक्के, तीन ठिकाणी ४० टक्के आणि दोन ठिकाणी ८० टक्के शक्यता. गुणाकार करा: ०.७२९ × ०.२१६ × ०.०४. उत्तर एका टक्क्याच्याही खाली. अर्ज तेवढेच, खर्चही जवळपास तेवढाच, फरक फक्त वाटणीचा.

अर्थात हे आकडे उदाहरणादाखल आहेत आणि खरं चित्र याहून थोडं वाईट असतं. हा गुणाकार घटना एकमेकींवर अवलंबून नसतील तरच चालतो. आपले आठही अर्ज एकाच एसओपीवर, एकाच पॉइंटरवर आणि त्याच तीन सरांच्या लेटरवर उभे असतात. आठ पंप बसवले पण सगळे एकाच फीडरवर, तर फीडर गेला की आठही बंद. म्हणून पहिला नकार आल्यावर आधी एसओपी बाहेर काढून वाचा. माझ्या एसओपीत 'लहानपणापासून मला यंत्रांची आवड' यावर एक अख्खा परिच्छेद होता आणि प्रोजेक्टवर चार ओळी. उरलेल्या अर्जांसाठी ते प्रमाण मी उलटं केलं.

'सेफ' कशाला म्हणायचं?

सरांच्या दोन प्रश्नांत मी स्वतः एक जोडला आणि तीन कसोट्या झाल्या.

पहिली, प्रवेश. आपले आकडे तिथे साधारणपणे घेतलेल्या मुलांच्या बरोबरीचे नाही, स्पष्टपणे वरचे हवेत. काही विभाग आपल्या वेबसाइटवर आलेल्या बॅचचा सरासरी जीपीए देतात, तो बघा. अनेक ठिकाणी ४ पैकी ३.० ही किमान अट असते. तिच्या काठावर असाल तर ते ठिकाण तुमच्यासाठी सेफ नाही. सगळ्यात चांगला पुरावा आपल्याच कॉलेजात असतो: आपल्याच ब्रँचचे, आपल्याच पॉइंटरच्या आसपासचे गेल्या पाच वर्षांतले सीनिअर. टॉपर कुठे गेला हे विचारून उपयोग नाही. तुमच्यासारखा कुठे गेला ते विचारा. केटी असेल तर तीही धरा, ती ट्रान्सक्रिप्टवर दिसते. आणि १० पैकीचा पॉइंटर ४ पैकी करण्यासाठी मनचं सूत्र लावू नका. विद्यापीठ सांगेल तसंच भरा.

दुसरी, पैसा. आय-२० मिळवताना निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय कागदावर दाखवावी लागते. बाबांनी घर तारण ठेवायची तयारी दाखवली होती. नवी नावं शोधताना एक जागा अशी मिळाली, जिथे प्रवेश जवळपास नक्की होता, पण फी आणि त्या शहरातलं भाडं धरून आकडा कर्जाच्या बाहेर जात होता. मी ती खोडली. जिथे जायला परवडत नाही ती जागा सेफ कशी? कर्जाचा हिशेब तिकडच्या पगारावरच मांडू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांसाठी १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, हे लक्षात असू द्या. इथल्या पगारावर हप्ता किती वर्षं भरावा लागेल, हेही एकदा कागदावर मांडा.

तिसरी, मन. तिथे खरंच जाल का? 'नाइलाज म्हणून' असं उत्तर असेल तर दुसरं नाव शोधा.

रँकिंगच्या पलीकडे

तिसऱ्या कसोटीसाठी मी रँकिंगची यादी बंद केली आणि आपल्या विषयात कुठे काय काम चालतं ते बघायला लागलो. ऑटोमोबाईलची आवड असेल तर साउथ कॅरोलिनातल्या क्लेमसन विद्यापीठाचं वाहन संशोधन केंद्र ग्रीनव्हिलला आहे, बीएमडब्ल्यूच्या कारखान्यापासून जवळ. विमानांचं वेड असेल तर कॅन्ससमधलं विचिटा हे विमान कारखान्यांचं गाव आणि तिथल्या विचिटा स्टेट विद्यापीठात विमान संशोधनाची मोठी संस्था. पॉलिमर म्हटलं की ओहायोतलं ॲक्रन, कारण ते गाव टायरवरच वाढलं. मटेरियल्ससाठी आयोवा स्टेट, जिथे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची एम्स प्रयोगशाळा आवारातच आहे. ही सगळी ठिकाणं सगळ्यांनाच सेफ आहेत असं मुळीच नाही. पण 'सव्वीसच्या पुढे सगळा अंधार' हा आपला समज किती पोकळ आहे ते यावरून कळतं.

वेळ असतो

फॉलच्या प्रवेशासाठी नामवंत ठिकाणांच्या तारखा बऱ्याचदा १ किंवा १५ डिसेंबरच्या असतात. पण अनेक ठिकाणी १५ जानेवारी, १ फेब्रुवारी, काही ठिकाणी १ मार्चपर्यंत अर्ज घेतात. जानेवारीतला नकार म्हणूनच उपयोगी. तो मार्चमध्ये आला असता तर नुसतं वाईट वाटून घेण्याखेरीज काही उरलं नसतं.

जर्मनीचा दरवाजाही तेव्हा उघडा असतो. हिवाळी सत्रासाठी काही विद्यापीठं मे अखेरपर्यंत, काही १५ जुलैपर्यंत अर्ज घेतात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ पासून शुल्क सुरू केलं. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज आधी करा. राहण्याच्या खर्चासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो झाली. तुमचे बीईचे विषय त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळतात का, हेही ते बारकाईने बघतात.

आणि यंदा नाहीच जमलं तर जीआरईचा स्कोअर पाच वर्षं चालतो. वर्षभर नोकरी करून पुन्हा अर्ज करणारे कमी नाहीत.

सर-मॅडमना एक विनंती. जानेवारीत एखादा विद्यार्थी 'अजून तीन लेटर हवीत' म्हणत केबिनच्या दारात उभा राहिला, तर तो आळशी असेलच असं नाही, कदाचित शहाणा झाला असेल. आणि मुलांनो, तुम्हीही शेवटच्या रात्री लिंक पाठवू नका. दोन-तीन आठवडे आधी सांगा.

शेवटी काय झालं?

उरलेल्या तीन जागांत मी एकही स्वप्न टाकलं नाही. दोन सेफ, एक मॉडरेट, तिन्ही कसोट्या लावून. मार्च अखेरीस निकाल असा: पहिल्या पाच अर्जांना पाच नकार. नंतरच्या तिघांपैकी दोन होकार. त्यातल्या एका ठिकाणी मी ऑगस्टमध्ये जातोय. त्या विद्यापीठाचं नाव तिसऱ्या वर्षापर्यंत मी ऐकलंही नव्हतं. आता तिथल्या लॅबमधली दोन मशीन्स मला फोटोवरून ओळखता येतात!

स्वप्नं बघू नका असं मी म्हणत नाही. माझ्या यादीत ती पाच होती आणि त्यांचं मला वाईट वाटत नाही. फक्त यादी लिहिताना सुरुवात खालून करा. आधी अशी दोन नावं शोधा, जिथे घेतील, जिथे परवडेल आणि जिथे तुम्ही आनंदाने जाल. ती सापडली की मग वर कितीही उंच चढा. खाली शिडी पक्की असली की वरून पडायची भीती वाटत नाही.

एक्सेल शीट माझ्याकडेही आहे, हवी असेल तर रूमवर या. पण येताना स्वतःची मार्कशीट आणि घरचा हिशेब घेऊन या!