गणिताची उमेदवारी

मुंबईच्या उपनगरांत, पवई आणि विहार या दोन तलावांच्या दरम्यान, भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार पसरलेले आहे. संस्थेची स्थापना १९५८ मध्ये झाली आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते येथे पायाभरणी झाली. संस्थेचे नाव घेताच अभियंते आणि प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येतात. परंतु याच आवारात गणिताचा स्वतंत्र विभाग आहे. विज्ञानाचा पदवीधर संयुक्त प्रवेश परीक्षा देऊन गणिताच्या दोन वर्षांच्या एम. एस्सी. अभ्यासक्रमासाठी येथे येऊ शकतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या साहाय्याने चालणारे राष्ट्रीय गणित केंद्रही येथेच आहे.

तालुक्याच्या महाविद्यालयात गणितात उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलामुलींच्या घरी मात्र एक प्रश्न हमखास विचारला जातो : गणित शिकून पुढे काय? शिक्षकी पेशाखेरीज दुसरे उत्तर अनेक पालकांना ठाऊक नसते. या प्रश्नावर अन्यत्र योजलेला एक उपाय असा, की शिक्षणाच्या मध्यावरच विद्यार्थ्याने काही काळ प्रत्यक्ष कामावर जावे व पुन्हा वर्गात परतावे. पूर्वी कचेरीत काम शिकण्यासाठी राहणाऱ्यास ‘उमेदवार’ म्हणत. ही त्याच अर्थाने गणिताची उमेदवारी होय.

मधल्या वर्षाची कल्पना

ही कल्पना अभियांत्रिकी शिक्षणातून आली. इंग्लंडमधील संडरलंड येथे १९०३ मध्ये, तर अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये, शिक्षण आणि काम आलटून पालटून देण्याची पद्धत सुरू झाली. पुढे ती अन्य विषयांत पसरली. इंग्लंडमधील अनेक विद्यापीठांत गणिताची तीन वर्षांची पदवी अशा रीतीने चार वर्षांची होते. दोन वर्षे अध्ययन, तिसरे वर्ष विमा कंपनीत, बँकेत, कारखान्यात किंवा शासकीय सांख्यिकी कार्यालयात आणि चौथे वर्ष पुन्हा विद्यापीठात. भारतात पिलानीच्या बिर्ला संस्थेने १९७३ पासून अशाच हेतूची योजना चालविली आणि गणिताच्या विद्यार्थ्यांनाही तीत स्थान दिले.

खिडकीपुढील रांग

कामावर गेल्याने गणिताच्या विद्यार्थ्याला नेमके काय मिळते? एक उदाहरण घेऊ. एखाद्या सार्वजनिक रुग्णालयात केसपेपर देण्याची एकच खिडकी आहे. तेथील कर्मचारी सरासरीने तासाला ६० रुग्णांचे काम करू शकतो. रांगांच्या गणिताचे साधे सूत्र सांगते, की तासाला ५० रुग्ण येत असतील, तर प्रत्येकाचे सरासरी ६ मिनिटे जातील. ५५ येऊ लागले, तर १२ मिनिटे आणि ५८ आले, तर ३० मिनिटे. रुग्णांची संख्या थोडी वाढली, तरी रांग इतकी का लांबते, हे त्यावरून उमगते. वर्गात हे सूत्र एका तासात सिद्ध करता येते.

खिडकीपाशी उभे राहिल्यावर निराळेच दिसते. रुग्ण दिवसभर सारख्या प्रमाणात येत नाहीत; सकाळी दार उघडताच एकदम गर्दी होते. जुन्या रुग्णाचे काम झटपट होते, तर नव्याची नावगावाची नोंद करण्यास वेळ लागतो. सूत्र खोटे ठरत नाही. ज्या गृहीतांवर ते उभे आहे, ती येथे लागू पडत नाहीत, एवढेच. मग विद्यार्थ्याला घड्याळ घेऊन नोंदी कराव्या लागतात. दुसरी खिडकी दिवसभर हवी की पहिले दोन तास पुरेल, हा खरा प्रश्न त्यानंतर हाती येतो. पाठ्यपुस्तकातील प्रश्न नेमका मांडलेला असतो. कामावरचा प्रश्न आपणच मांडावा लागतो. हे शिकण्यासाठीच उमेदवारी हवी.

गणित शिवारात जाते तेव्हा

महाराष्ट्राला याचा थोर दाखला अपरिचित नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे शिक्षण घेतले आणि लंडनमध्ये संख्याशास्त्रात संशोधन केले. मायदेशी परतल्यावर ते कृषी संशोधनाच्या क्षेत्रात आले. त्या काळी पिकाचा अंदाज बहुधा नजरेने बांधला जाई. गाव, शेत आणि शेतातील ठराविक आकाराचा तुकडा यादृच्छिक पद्धतीने निवडायचा, तेवढेच पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या प्रदेशाचे उत्पादन काढायचे, या पद्धतीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. आज पीक विम्याच्या निमित्ताने शेतकऱ्याच्या परिचयाचा झालेला ‘पीक कापणी प्रयोग’ याच विचारावर आधारलेला आहे. नमुना कसा निवडावा हे गणित सांगते. निवडलेल्या तुकड्याऐवजी बांधाजवळचा सोयीचा तुकडा कोणी कापत नाही ना, हे मात्र शिवारात जाऊनच कळते.

आपल्याकडील वाटा

मधले संपूर्ण वर्ष कामासाठी राखण्याची प्रथा आपल्या गणित विभागांत रूढ नाही. तथापि तीन वाटा आहेत. पवईसारख्या ठिकाणी दोन वर्षांच्या मधली उन्हाळ्याची सुटी ही पहिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील विद्यापीठांनी २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प यासाठी ४ श्रेयांक ठेवले आहेत. म्हणजे सुमारे १२० तास. ही दुसरी. तिसरी वाट पदवीनंतरची : शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मध्ये २०१४ साली झालेल्या दुरुस्तीमुळे अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या पदवीधरांनाही विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. पश्चिम विभागासाठीचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ मुंबईत शीव येथे आहे.

वर्ष वाया जाऊ नये म्हणून

सामान्य कुटुंबाला एक वर्षही मोठे असते. मुंबईत राहण्याचा खर्च आणि लांबणारी कमाई यांचा हिशेब केल्यावाचून कोणी मुलाला पाठवीत नाही. म्हणून आस्थापना निवडताना काही प्रश्न आधीच विचारावेत. विद्यावेतनातून निवासाचा व प्रवासाचा खर्च भागेल काय? विद्यार्थ्याला सोडविण्यासाठी एखादा निश्चित प्रश्न दिला जाईल काय, की केवळ आकडे उतरवून घेण्याचे काम पडेल? मार्गदर्शन करणारी जबाबदार व्यक्ती तेथे आहे काय? आणि विद्यापीठातील शिक्षक त्या कामाची मधूनमधून विचारपूस करतील काय? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर ती उमेदवारी नव्हे, स्वस्त मजुरी ठरेल.

विद्यार्थ्यानेही रोजची टाचणवही ठेवावी. कोणते गृहीत टिकले, कोणते कोसळले आणि कोणते गणित आपल्याला येत नव्हते, याची नोंद तीत असावी. कामावरून परतलेला विद्यार्थी ही वही घेऊन वर्गात बसतो, तेव्हा संभाव्यतेचा तोच धडा त्याला नव्याने कळतो; कारण आता फळ्यावरील चिन्हांमागे त्याला खिडकीपुढे ताटकळणारी माणसे दिसतात. मधल्या काळाचे मोल नोकरीच्या आश्वासनापेक्षा या परतण्यात अधिक आहे. ‘गणित शिकून पुढे काय?’ या घरच्या प्रश्नाचे उत्तरही मग त्याला स्वतःच्या अनुभवातून देता येईल.