पंचविशीनंतरचे अजिंक्यपद

यूएस विमेन्स मिड-अमॅच्युअर ही अमेरिकेतील हौशी महिला गोल्फपटूंची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आहे. मात्र वयाची पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याखेरीज तिच्यात उतरता येत नाही. अमेरिकेतील गोल्फचा कारभार पाहणारी युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन, म्हणजे यूएसजीए, १९८७ पासून ही स्पर्धा भरवते. वयाला कमाल मर्यादा नाही. बक्षिसाची रक्कमही नाही. विजेतीला सुवर्णपदक, उपविजेतीला रौप्य आणि उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींना कांस्य. येणाऱ्यांत शिक्षिका, डॉक्टर, वित्तसंस्थांत काम करणाऱ्या, घरे विकणाऱ्या अशा बहुतेक नोकरी-धंद्यातल्या बायका असतात. रजा टाकायची, मुलांची सोय लावायची आणि सहा दिवसांत आठ डाव खेळायचे, असा हा मामला असतो.

अशी वेगळी स्पर्धा का लागली हे समजायला जरा मागे जावे लागते. मूळ राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे यूएस विमेन्स अमॅच्युअर. ती १८९५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मेडोब्रुक क्लबवर सुरू झाली. तेरा जणी उतरल्या आणि ल्यूसी बार्न्स ब्राउन १८ होलना १३२ फटके घेऊन जिंकल्या. तीत वयाची अट नव्हती, आणि पुष्कळ वर्षे तिची गरजही भासली नाही. ग्लेना कॉलेट व्हेअर यांनी सहावे आणि अखेरचे विजेतेपद मिळवले ते १९३५ मध्ये. तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आई होत्या आणि अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर सतरा वर्षांची पॅटी बर्ग होती. पुढे चित्र पालटले. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घातली. विद्यापीठांत मुलींचे गोल्फ संघ वाढले, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची महिला गोल्फ स्पर्धा सुरू झाली. वर्षाचे बारा महिने प्रशिक्षकाच्या नजरेखाली खेळणाऱ्या मुली आता राष्ट्रीय स्पर्धेत उतरू लागल्या. १९८९ मध्ये विकी गेट्झी सोळाव्या वर्षी अजिंक्य ठरली. दिवसभर कचेरीत बसून शनिवारी-रविवारी सराव करणाऱ्या चाळिशीच्या बाईने तिच्याशी झुंजावे ही अपेक्षाच गैरवाजवी होती.

मुलींसाठी ज्युनियर स्पर्धा १९४९ पासून होती, पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी सीनियर स्पर्धा १९६२ पासून. मधल्या वयाच्या खेळाडूंना हक्काचे मैदान नव्हते. पुरुषांच्या बाबतीत यूएसजीएने ही उणीव १९८१ मध्ये भरून काढली. बायकांना आणखी सहा वर्षे थांबावे लागले. पहिली स्पर्धा ओक्लाहोमातील टल्सा शहरी, सदर्न हिल्स कंट्री क्लबवर झाली. विजेती ठरली कॅलिफोर्नियाची सिंडी शोलफील्ड. अंतिम सामन्यात हरलेल्या पॅट कॉर्नेट पेशाने कर्करोगतज्ज्ञ. त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून खेळल्या होत्या आणि पुढे २०१२ मध्ये त्या संघाच्या कर्णधारही झाल्या. कोणासाठी ही स्पर्धा काढली, याचे उत्तर पहिल्याच अंतिम सामन्यात दिसले.

प्रवेशासाठी हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, पाहतात; तो जितका कमी तितका खेळ सरस. ९.४ हून अधिक हँडिकॅप असलेलीला प्रवेश नाही, अशी अट अनेक वर्षे होती; सर्वसाधारण क्लब सदस्याच्या मानाने ही पातळी बरीच वरची. पूर्वीच्या विजेत्या आणि काही मानांकित खेळाडू सोडल्या तर बाकीच्यांना आपल्या भागातली १८ होलची पात्रता फेरी पार करावी लागते. मुख्य स्पर्धेला प्रथेप्रमाणे १३२ जणी असतात, आणि ती बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात, दरवर्षी निराळ्या क्लबवर होते.

पहिले दोन दिवस स्ट्रोक प्ले: रोज १८ होल, सगळे फटके मोजायचे, कमीत कमी फटक्यांच्या चौसष्ट जणी पुढे. खरी जीवघेणी गोष्ट इथेच, यादीच्या तळाशी घडते. चौसष्टाव्या क्रमांकावर बरोबरी झाली की त्या सगळ्यांना पुन्हा टीवर उभे केले जाते. समजा जागा तीन आणि दावेदार आठ. होलमागून होल खेळत जागा भरत जातात, उरलेल्या गळतात. दोन दिवस धीराने खेळलेली बाई एका चुकलेल्या पटमुळे, म्हणजे चेंडू होलमध्ये घालायच्या हलक्या फटक्यामुळे, सामान बांधू लागते. काठावर तरलेलीची गाठ मात्र दुसऱ्या दिवशी थेट अव्वल खेळाडूशी, कारण जोड्या पहिली विरुद्ध चौसष्टावी अशा क्रमाने लागतात.

त्यानंतरचा सगळा खेळ मॅच प्ले. यात एकूण फटक्यांना किंमत नाही. प्रत्येक होल हा स्वतंत्र सामना. एका होलवर नऊ फटके गेले तरी नुकसान एकाच होलचे. तीन होलची आघाडी असताना दोनच होल शिल्लक उरले, की सामना ‘३ आणि २’ असा संपतो. अठरा होलना बरोबरी राहिली तर एकोणिसाव्यापासून पुढे, निकाल लागेपर्यंत. होलच्या अगदी जवळ थांबलेला चेंडू प्रतिस्पर्धी ‘दिला’ म्हणते आणि तो पट मारावाच लागत नाही. हे औदार्य वाटते, पण डावपेचही असतो: सकाळभर दोन-दोन फुटांचे पट सोडून द्यायचे आणि सतराव्या होलवर तेवढ्याच अंतराला गप्प राहायचे. आज अजून एकही छोटा पट मारलेला नाही, हे समोरचीला तेव्हाच उमगते. तिसऱ्या दिवशी एक सामना, चौथ्या आणि पाचव्या दिवशी दोन-दोन, सहाव्या दिवशी अंतिम, अशा सहा फेऱ्या असतात. दोन सामन्यांच्या दिवशी संध्याकाळी पायांत गोळे येतात. तिथे तंत्रापेक्षा दम कामी येतो.

स्पर्धेच्या इतिहासावर मोजक्या नावांची छाप आहे. कॅरल सेंपल थॉम्पसन पेनसिल्व्हेनियातील सूइक्लीच्या. वडील हार्टन सेंपल हे यूएसजीएचे अध्यक्ष होते. कॅरलनी १९७३ मध्ये मुख्य हौशी स्पर्धा जिंकली, १९९० आणि १९९७ मध्ये मिड-अमॅच्युअर, आणि १९९९ ते २००२ अशी सलग चार वर्षे सीनियर. अमेरिका आणि ब्रिटन-आयर्लंड यांच्यातल्या कर्टिस कप सामन्यांत २००२ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, शेवटच्या ग्रीनवर २७ फुटांचा पट घालून त्यांनी चषक राखला. व्यावसायिक त्या कधीच झाल्या नाहीत.

सेरा लब्रन इंग्रम यांची कारकीर्द जितकी तेजस्वी तितकीच अर्धवट तुटलेली. १९९१, १९९३ आणि १९९४ अशी तीन विजेतेपदे, आणि मग संधिवात. बोटे मिटेनात, तर काठी धरायची कशी? जवळजवळ दोन दशके त्या गोल्फपासून दूर राहिल्या. औषधोपचारांनी उतार पडल्यावर परतल्या आणि २०२१ व २०२२ च्या कर्टिस कपमध्ये अमेरिकी संघाच्या कर्णधार म्हणून दोन्ही वेळा जिंकल्या.

एलन पोर्ट आणि मेगन स्टॅसी यांची प्रत्येकी चार विजेतेपदे. पोर्ट सेंट लुइसच्या शाळेत व्यायामशिक्षिका होत्या. गोल्फ मनापासून सुरू केले तेच कॉलेज संपल्यावर. १९९५, १९९६, २००० आणि नंतर थेट २०११! तेव्हा त्या पन्नास वर्षांच्या होत्या. स्टॅसींनी पहिले विजेतेपद २००६ मध्ये बोल्जर या माहेरच्या नावाने घेतले, पुढची २००७, २०१० आणि २०१२ मध्ये. त्या मिसिसिपी विद्यापीठाच्या महिला संघाच्या प्रशिक्षकही होत्या. पैसे घेऊन गोल्फ शिकवणारा हौशी राहत नाही, असा नियम. पण शाळा-कॉलेजात नोकरी करणाऱ्यांना त्यात सवलत आहे. ती नसती तर या स्पर्धेला अनेक चांगल्या खेळाडू गमवाव्या लागल्या असत्या.

२०१७ चे वर्ष विशेष गाजले. स्पर्धा फ्लोरिडातील नेपल्सला होणार होती, पण इर्मा चक्रीवादळाने मैदानाची दुर्दशा केली आणि ती ह्यूस्टनच्या चॅम्पियन्स गोल्फ क्लबवर न्यावी लागली. अंतिम सामन्यात पोहोचल्या मेरी जेन हीस्टंड, वय ५८, आणि त्यांच्या निम्म्याहून कमी वयाची केल्सी चग. चग जिंकली. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी पाच सामने जिंकून अंतिम फेरी गाठणे ही गोष्ट विजेतेपदाहून फार कमी नव्हे.

तक्रारीला जागा आहेच. पंचवीस हे वय कॉलेज संपून जेमतेम तीन वर्षांचे. २०१५ ची विजेती लॉरेन ग्रीनलीफ नेमकी पंचवीस वर्षांची होती. त्यात काही जणी व्यावसायिक होऊन पाहतात, जमले नाही की अर्ज करून हौशी दर्जा परत मिळवतात आणि या स्पर्धेत उतरतात. कायम हौशी राहिलेल्यांना ते खटकते. नियमाच्या बाजूनेही बोलता येते: व्यावसायिक दौऱ्यावर पोट न भरलेल्या मुलीने खेळच सोडावा असे कोणी म्हणणार नाही. २०२२ मध्ये हौशी दर्जाचे नियम आणखी सुटसुटीत झाले. बक्षीस स्वीकारण्याची मर्यादा एक हजार डॉलरपर्यंत गेली आणि जाहिरातींवरची बंधने सैल झाली. पूर्वीची कडक सीमारेषा आता उरलेली नाही.

विजेतीला मिळणारा खरा मोबदला म्हणजे मोठ्या स्पर्धांचे दरवाजे. २०१८ पासून तिला यूएस विमेन्स ओपनमध्ये, म्हणजे जगातल्या अव्वल व्यावसायिकांत, पात्रता फेरीशिवाय खेळता येते. त्याचा पहिला लाभ चगला झाला. २०२३ ची विजेती किंबर्ली डिन ही एमआयटीची रसायन अभियांत्रिकीतील डॉक्टरेट, मिशिगनमधल्या डाऊ कंपनीत संशोधक. पुढच्या उन्हाळ्यात तीही या वाटेने लँकेस्टरच्या मैदानावर ओपन खेळली. करोनामुळे रद्द झालेले २०२० चे वर्ष सोडले तर स्पर्धेत खंड पडलेला नाही.

पन्नाशी गाठलेल्या खेळाडूला सीनियर स्पर्धा खुली होते, पण म्हणून मिड-अमॅच्युअर बंद होत नाही. हवी तर ती दोन्ही खेळू शकते. पोर्ट यांनी २०१२, २०१३ आणि २०१६ मध्ये सीनियर विजेतेपदही घेतले. त्यामुळे थॉम्पसन यांच्याप्रमाणेच त्यांच्याही नावावर एकूण सात राष्ट्रीय विजेतेपदे झाली.