कालवं फोडणारे हात

मीरा-भाईंदरमधल्या सिल्व्हर पार्कच्या चौकात उभं राहिलं की चारी बाजूंना इमारती दिसतात, समुद्र नाही. पण याच महापालिकेच्या पश्चिम टोकाला उत्तन, पाली, चौक हे कोळीवाडे आहेत. ओहोटीला तिथल्या खडकांवर करड्या, धारदार कवचांचा खरबरीत थर उघडा पडतो. अनवाणी पाय पडला तर तळवा चिरतो. ही कालवं.

जगात कालवं उघडण्याच्या शर्यती होतात. आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात 1954 साली एका हॉटेलच्या व्यवस्थापकाने सप्टेंबरातही पाहुणे यावेत म्हणून कालवांची मेजवानी ठेवली. पहिल्या वर्षी चौतीस जण जेवले. आज तिथे देशोदेशीचे स्पर्धक प्रत्येकी 30 कालवं उघडतात. बिजागरीत सुरी खुपसायची, मनगट वळवायचं, कवच मिटून धरणारा स्नायू कापायचा आणि मांस अखंड मांडायचं. मांस फाटलं, कवचाचा कण राहिला किंवा बोट कापून रक्त लागलं, तर वेळेत सेकंद वाढतात. म्हणजे नुसती घाई तिथे हरते.

आपल्याकडे घड्याळ समुद्राचं असतं. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून खोल ओहोटी सकाळी सहाच्या आसपास आणि पुन्हा संध्याकाळी. कोकणभर बाया याच वेळी खडकांवर उकिडव्या बसतात. कोयतीच्या टोकाने वरचं झाकण फोडायचं, मांस अलगद टोपात. खालची शिंप खडकाला चिकटूनच राहते. पाणी परतायच्या आत जेवढं निघेल तेवढंच त्या दिवसाचं. कंबर मोडणारं हे काम आहे आणि त्यातलं कसब गॉलवेच्या सुरीपेक्षा तसूभरही कमी नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

या जिवाचा अभ्यासही इथे जुना आहे. मुंबईच्या कालवावर प्रा. आवटी आणि राय यांचा सविस्तर प्रबंध 1931 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या शीर्षकातच ‘बॉम्बे ऑयस्टर’ हे नाव आहे.

आता तिखटाची गोष्ट. अमेरिकेत कच्च्या कालवावर चार थेंब टाकायची चाल आहे ती टबॅस्कोची: लुइझियानातल्या एव्हरी बेटावर 1868 पासून बनणारा मिरची, मीठ आणि व्हिनेगरचा सॉस. मिरची आपल्याकडेही त्याच खंडातून, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, आणि वसईवर 1739 पर्यंत त्यांचाच अंमल होता. उत्तन-गोराईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत मिरची बॉटल मसाल्यात मुरली; बाटल्यांत ठोकून भरतात म्हणून हे नाव. कोकणात कालवांच्या सुक्याला कोकम लागतं. तिखटाला आंबटाची जोड दोन्ही किनाऱ्यांनी आपापल्या परीने शोधली.

एक मात्र नीट सांगायला हवं. तिखट सॉसने जंतू मरत नाहीत. कालव पाणी गाळून जगतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठतं. कोमट समुद्रातले व्हिब्रिओ जंतू कच्च्या कालवातून माणसाला गंभीर आजारी करू शकतात, आणि यकृताचा आजार असलेल्याच्या जिवावरही बेतू शकतं. शहरांचं सांडपाणी पिणाऱ्या आपल्या खाड्यांजवळचं कालव कच्चं खाऊ नये. आपल्या आज्यांनी ते नेहमी शिजवलंच.

आपल्याकडे गॉलवेसारखी शर्यत नाही, पण ती उणीव भरून निघू शकते. खडकावरचं कालव दोन्ही शिंपांसकट क्वचितच सुटतं, म्हणून ताटात मांडता येत नाही. सिंधुदुर्गाच्या खाड्यांत महिला बचतगट आता कालवं पाळतात: जुन्या शिंपा दोरीत ओवून पाण्यात सोडायच्या, त्यांवर पिल्लं बसतात, वाढतात. राज्याच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेतही कालवे पालन आहे. अशी कालवं अख्खी निघतात, सुरीने उघडता येतात. ज्या दिवशी किनाऱ्यावर त्यांची स्पर्धा लागेल, त्या दिवशी पहिल्या रांगेत या बाया असाव्यात. उघडलेली कालवं मग तिथेच चुलीवर चढवावीत, बॉटल मसाला घालून, आणि मीठ अगदी शेवटी, चव बघून. कालवाने आपलं खारं पाणी आधीच सोडलेलं असतं.