ए.एन.एम. झाली, आता पुढे काय?

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमची एक जुनी विद्यार्थिनी अम्मीला सोबत घेऊन घरी आली. हातात शीरखुर्म्याचा डबा होता आणि डोळ्यांत रात्रपाळीची झोप. दोन वर्षांचा ए.एन.एम. कोर्स करून ती तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात लागली आहे. चांदरातीलाही तिची ड्युटी होती. "टीचर, त्या रात्री आमच्याकडे एक मुलगी जन्मली. सगळ्यात आधी मी हातात घेतली तिला," असे सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

अम्मी मात्र वेगळ्याच काळजीत होत्या. "टीचर, तुम्हीच समजवा हिला. शिकली, नोकरीला लागली, चांगलं स्थळ आलंय. आता म्हणते, जी.एन.एम. करायचंय, अजून तीन वर्षं! मग ही दोन वर्षं कशासाठी घालवली?"

हा प्रश्न आमच्या जिव्हारी लागला. कारण तिला ए.एन.एम.चा रस्ता आम्हीच दाखवला होता, आणि तोही अर्धवट माहितीवर. मुलगी बारावी कला शाखेची. इंग्रजीत चांगली, गुणही साठ टक्क्यांच्या वर. नर्सिंगला जायचे म्हणाली तेव्हा आम्ही मोठ्या जाणकाराच्या थाटात सांगितले, "आर्ट्सवाल्यांना जी.एन.एम. नाही, तू ए.एन.एम. कर." ते चूक होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे जी.एन.एम.ला कोणत्याही शाखेची बारावी चालते. इंग्रजी विषय आणि एकूण किमान 40 टक्के गुण हवेत. आमच्या एका वाक्याने मुलीची वाट लांबली. ती बिचारी कधी एका शब्दाने बोलली नाही. म्हणूनच हा लेख आम्ही लिहितो आहोत. आमची चूक दुसऱ्या कोणत्या घरात होऊ नये.

पायऱ्या नीट समजून घ्या

नर्सिंगमध्ये पहिली पायरी ए.एन.एम.ची. मुदत दोन वर्षे. ही मुलगी प्रामुख्याने गावाच्या आरोग्यासाठी तयार होते: गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन, साधे उपचार. दुसरी पायरी जी.एन.एम.ची, मुदत तीन वर्षे. ही दवाखान्याची पूर्ण नर्स. मेडिकल, सर्जिकल, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती असे सगळे विभाग ती शिकते. आपल्या राज्यात या दोन्ही कोर्सच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते.

त्याच्या वर बी.एस्सी. नर्सिंग. बारावीनंतर थेट करायचे तर चार वर्षे. त्याला विज्ञान शाखा, त्यात जीवशास्त्र हवे आणि राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जी.एन.एम. झालेल्या मुलीला मात्र दोन वर्षांची 'पोस्ट बेसिक बी.एस्सी.' करून ही पदवी मिळते. या पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. पुढे एम.एस्सी. केले की नर्सिंग कॉलेजात शिकवता येते.

आता अम्मींचा प्रश्न. ए.एन.एम.ची दोन वर्षे जी.एन.एम.मध्ये वजा होतात का? नाही. पुन्हा पहिल्या वर्षापासून पूर्ण तीन वर्षे. अमेरिकेत साधारण वर्षभराचे शिक्षण घेऊन परवाना मिळवणाऱ्या 'प्रॅक्टिकल नर्स' असतात. त्यांना पुढे पूर्ण नर्स व्हायचे तर आधीचे शिक्षण काही प्रमाणात मोजून घेणारे कोर्स तिकडे आहेत. आपल्याकडे तशी सोय नाही. एक सवलत मात्र आहे: जी.एन.एम.ला एरवी 35 वर्षांची वयोमर्यादा आहे, ती नोंदणीकृत ए.एन.एम.ला लागू नाही.

मग ती दोन वर्षे फुकट गेली का? अजिबात नाही.

पहिले वर्ष

नोकरीचे पहिले वर्ष कसे गेले, हे तिच्याच तोंडून ऐकण्यासारखे होते. पहिल्या आठवड्यात इंजेक्शन देताना हात थरथरला. पेशंट आजोबा म्हणाले, "दे गं पोरी, मला काय होत नाही." इन्चार्ज सिस्टरने तिला पहिल्याच दिवशी एक सवय लावली: बाटलीवरचे नाव तीनदा वाचायचे. कपाटातून काढताना, सिरिंज भरताना आणि बाटली परत ठेवताना. पेशंट तोच का, औषध तेच का, मात्रा, वेळ आणि द्यायची पद्धत बरोबर का, हे पाच प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय सुई टोचायची नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही. ती थेट पांढऱ्या कठीण डब्यात. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले औषध केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय चालू करायचे नाही. आणि माहीत नसेल तर "मला माहीत नाही, विचारून सांगते" असे म्हणायला लाजायचे नाही.

शेवटची गोष्ट ऐकून आम्ही मनात म्हटले, ही शिकवण आम्हालाच कुणी आधी द्यायला हवी होती!

पण त्याच दवाखान्यात तिला दुसराही अनुभव आला. बारा बारा तासांची ड्युटी. कामात ए.एन.एम., जी.एन.एम. असा फरक नाही. सलाईन, ड्रेसिंग, ऑपरेशनची तयारी सगळे तिच्याकडे. पगाराच्या दिवशी मात्र फरक आठवतो. मागच्या महिन्यात एका पेशंटची प्रकृती अचानक खालावली. डॉक्टर पोहोचेपर्यंत ती आणि एक मावशी, दोघीच. तिने बीपी पाहिले, ऑक्सिजन लावला, फोन केला. पेशंट वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण ती म्हणाली, "टीचर, त्या दहा मिनिटांत मला कळलं की मला जेवढं येतं त्यापेक्षा मोठं काम मी करते आहे. मला शिकायचं आहे ते पगारासाठी नाही फक्त. मला भीती वाटते."

अम्मी हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या गप्प झाल्या.

सगळ्यांनी जी.एन.एम. केलेच पाहिजे का?

असे आमचे म्हणणे नाही. ए.एन.एम. ही कमी प्रतीची नर्स, हा समज काढून टाका. सपाटीच्या भागात साधारण 5000 आणि डोंगरी, आदिवासी भागात 3000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा निकष आहे. त्या उपकेंद्राचा कणा म्हणजे ए.एन.एम. लसीची पेटी खांद्याला लावून वाडीवस्तीवर जाणारी, आठ अंशांच्या वर लस तापू नये आणि दोनच्या खाली गोठू नये म्हणून जिवापाड जपणारी, दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलेंटचा पहिला डोस देणारी तीच. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेच्या पदासाठी हेच शिक्षण आणि नोंदणी लागते. ज्या मुलीला गावात, बायाबापड्यांत काम करायला आवडते, तिने या भरतीची तयारी करावी. आणि आपल्या मोहल्ल्यातल्या ज्या घरांत लसीकरणाला अजून आढेवेढे घेतले जातात, तिथे आपलीच लेक दारात उभी राहिली तर कुणी परत पाठवेल का?

ज्या मुलीला मोठ्या दवाखान्यात, आयसीयूत, ऑपरेशन थिएटरात काम करायचे आहे, पुढे शिकवायचे आहे, तिने मात्र जी.एन.एम.चा विचार जरूर करावा.

स्थळाची गोष्ट इथेच आली. मुलगा आखातात नोकरीला. त्याच्या घरच्यांचे म्हणणे, लग्नानंतर तिकडे नर्सची नोकरी सहज लागेल. आम्ही स्पष्ट सांगितले: तिकडे नर्सचा परवाना मिळवायचा तर जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. आणि दवाखान्यातला अनुभव पाहतात, परीक्षाही घेतात. ए.एन.एम.वर ते दार उघडत नाही. म्हणजे मुलाकडच्यांना जे हवे आहे, त्यासाठीसुद्धा हे शिक्षण लागणारच! तेव्हा त्यांच्याशी आधीच मोकळेपणाने बोला. लग्नानंतर शिकू देऊ, असे तोंडी आश्वासन मिळाले तर ते निकाहनाम्यात अट म्हणून लिहून घेता येते. काझीसाहेबांना विचारा. यात संकोच कसला?

पैसा, पडदा आणि लोक काय म्हणतील

तिचे अब्बा शिवणकाम करतात. डोळे पूर्वीसारखे साथ देत नाहीत. धाकटा भाऊ नववीत. मुलीचा पगार थोडा असला तरी घराला त्याचा आधार आहे. तीन वर्षे शिकायचे म्हणजे फी द्यायची आणि पगारही सोडायचा. हा हिशेब कागदावर मांडा, मनात ठेवू नका. सरकारी संस्थेत फी बरीच कमी असते, म्हणून आधी तिथे अर्ज. अत्तार, बागवान, तांबोळी, मणियार, पिंजारी, शिकलगार अशा मुस्लिम समाजांचा समावेश राज्याच्या ओ.बी.सी. यादीत आहे, आपण त्यात असाल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र वेळेत काढा. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ करणारे पालक आम्ही दरवर्षी पाहतो. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज होतो. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. व्याजाचे कर्ज ज्यांना नको, त्यांनी जमातीच्या बैतुलमालकडे शब्द टाकावा. जकातीच्या पैशातून एखाद्या गरजू घरची लेक नर्स झाली, तर त्याचा फायदा किती घरांना होईल!

गणवेशाबद्दल आधीच विचारून घ्यावे. डोक्याला नीट बांधलेला स्कार्फ अनेक ठिकाणी चालतो. पण काम करताना हात कोपरापर्यंत धुवावे लागतात, बाह्या वर घ्याव्या लागतात. त्यात पेशंटच्या जिवाचा प्रश्न असतो. रात्रपाळीला जाण्यायेण्याची सोय काय, हॉस्टेल आवारात आहे का, हेही पालकांनी स्वतः जाऊन पाहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: सहा महिन्यांत नर्स बनवतो म्हणणाऱ्या पाट्यांना भुलू नका. कॉलेज भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यता यादीत आहे का, ते पाहा. ज्या सर्टिफिकेटवर परिषदेत नोंदणी होत नाही, त्याने कायद्याने नर्स होता येत नाही. फी भरण्याआधी एवढे एक काम करा.

राहिला प्रश्न लोकांचा. तिच्या फुफूंनी म्हटले होते, "दुसऱ्यांची घाण काढायचं काम चांगल्या घरच्या मुलीला शोभतं का?" आम्ही अम्मींना मदीनेच्या हजरत रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) यांची आठवण करून दिली. जखमींची शुश्रूषा त्या आपल्या तंबूत करीत. खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना याच तंबूत ठेवायला सांगितले, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. ज्या कामाला मस्जिद-ए-नबवीजवळ जागा मिळाली, ते आपल्या घरात कमीपणाचे कसे?

निर्णय

त्या दिवशी निर्णय झाला नाही. आठवड्याने अब्बा स्वतः शाळेत आले. म्हणाले, "टीचर, एक वर्ष द्या मला. पोराची दहावी होऊ दे. मग पाठवतो तिला." मुलीने ते मान्य केले आहे. पगारातून दर महिन्याला काही रक्कम बाजूला पडते आहे. मार्कलिस्ट, दाखले, नोंदणीचे प्रमाणपत्र एका फाईलमध्ये लावून ठेवले आहे. स्थळाकडच्यांना सगळे सांगितले. ते विचार करून कळवणार आहेत.

आम्हाला धाकधूक आहे. आपल्या घरांत मुलीच्या वाट्याचे 'एक वर्ष' कधी कधी संपतच नाही. म्हणून आम्ही अब्बांना सांगून ठेवले आहे की पुढच्या वर्षी प्रवेशाची जाहिरात निघाली की आम्ही दारात हजर! ते हसले. हसण्यावर नेऊ नका म्हटले, आम्ही खरेच येणार आहोत.

आणि आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या दहावीच्या मुलींसाठी आम्ही एक काम सुरू केले आहे. निरोप समारंभाच्या आधी एक तास फक्त पुढच्या वाटांचा. त्या तासाला आमच्या या विद्यार्थिनीला बोलावले होते. पांढऱ्या गणवेशात आली, फळ्यावर पायऱ्या काढल्या: ए.एन.एम., जी.एन.एम., बी.एस्सी. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "आपा, आर्ट्स घेतलं तर जी.एन.एम. होतं का?"

तिने आमच्याकडे पाहिले नाही. फळ्याकडे वळून ठळक अक्षरांत लिहिले, "होतं."

अल्लाह तिची मेहनत कबूल करो, आणि आम्हा शिक्षकांना पूर्ण माहिती घेऊनच सल्ला देण्याची तौफीक देवो. आमीन.