विश्लेषण : वॉशिंग्टनमध्ये गरिबांनी वसवलेले सहा आठवड्यांचे ‘शहर’ काय होते?

अमेरिकेतील नागरी हक्क चळवळ म्हटले की १९६३ चा वॉशिंग्टनमधील विराट मोर्चा आणि मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) यांचे भाषण आठवते. पाच वर्षांनी त्याच लिंकन स्मारकाच्या परिसरात गरिबांनी झोपड्यांची वसाहत उभारली. वेगवेगळ्या वंशांच्या गरिबांना एकत्र आणण्याचा हा प्रयोग सहा आठवड्यांत मोडून काढला गेला. तरीही त्याचा दाखला आजही का दिला जातो?

मोहिमेची गरज का भासली?

१९६४ च्या कायद्याने हॉटेले, दुकाने अशा ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरवला, तर १९६५ च्या कायद्याने मतदानाचा हक्क सुरक्षित केला. पण हॉटेलात बसण्याचा हक्क मिळूनही खिशात जेवणाचे पैसे नसतील तर उपयोग काय, असा किंग यांचा सवाल होता. डिसेंबर १९६७ मध्ये त्यांनी ‘पुअर पीपल्स कॅम्पेन’ जाहीर केली. रोजगार, काम करू न शकणाऱ्यांना किमान उत्पन्नाची हमी आणि परवडणारी घरे या तिच्या मुख्य मागण्या होत्या. मार्च १९६८ मध्ये अटलांटात झालेल्या बैठकीला कृष्णवर्णीयांसह मूळ अमेरिकी आदिवासी, मेक्सिकन व प्युर्टो रिकन वंशाचे नागरिक आणि अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागातील गरीब गोरे यांचे प्रतिनिधी आले होते.

वसाहत कशी उभी राहिली?

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली. तेथे ते संपावर गेलेल्या सफाई कामगारांना पाठिंबा देण्यासाठी गेले होते. त्यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनथी यांनी मोहीम पुढे नेली. मे महिन्यात देशभरातून जथे निघाले. मिसिसिपीतील मार्क्स या गावातून तर खेचरांच्या गाड्यांचा तांडा निघाला. प्लायवूडच्या झोपड्यांच्या या वसाहतीला ‘रेझरेक्शन सिटी’, म्हणजे पुनरुत्थानाचे शहर, असे नाव देण्यात आले. तेथे भोजनाचा तंबू होता, दवाखाना होता. एके वेळी सुमारे तीन हजार लोक तेथे राहत होते. रोज त्यांच्यातील गट सरकारी खात्यांच्या दारात जाऊन आपले म्हणणे मांडत.

एकत्र राहणे जमले का?

पूर्णपणे नाही. पावसाने सतत झोडपले आणि वसाहतीत चिखलच चिखल झाला. नेतृत्वावरून कुरबुरी झाल्या. आपले प्रश्न मागे पडतात, अशी मेक्सिकन वंशाच्या गटांची तक्रार होती. त्यांतील अनेक जण वसाहतीऐवजी हॉथॉर्न शाळेत उतरले. पण तेथे आदिवासी आणि गरीब गोरेही मुक्कामाला होते आणि एकमेकांची दुखणी ऐकण्याची संधी अनेकांना तेथेच मिळाली. मेच्या अखेरीस आदिवासींच्या मासेमारी हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयासमोर निदर्शने झाली, तेव्हा इतर गटांचे लोकही त्यात उतरले.

हाती काय लागले?

१९ जूनच्या एकजूट दिनाला सुमारे ५० हजार लोक जमले. मात्र परवान्याची मुदत संपताच २४ जूनला पोलिसांनी वसाहत रिकामी केली. मोठ्या आर्थिक मागण्या मान्य झाल्या नाहीत. व्हिएतनाम युद्धावर पैसा ओतणाऱ्या काँग्रेसची गरिबीवर आणखी खर्च करण्याची तयारी नव्हती. तरी भूक हा राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला आणि सरकारी अन्न योजनांची व्याप्ती वाढण्यास या दबावाचा हातभार लागला.

आज काय सुरू आहे?

२०१८ मध्ये विल्यम बार्बर आणि लिझ थिओहॅरिस या धर्मोपदेशकांनी त्याच नावाने मोहीम पुन्हा उभी केली. वंशभेद, गरिबी, पर्यावरणाचा विनाश आणि युद्धखोर अर्थव्यवस्था हे प्रश्न सुटे सुटे पाहता येणार नाहीत, अशी तिची भूमिका आहे. तिच्या सभांत नेत्यांइतकेच किंवा त्यांच्याही आधी उपचार न परवडणारे आणि तुटपुंज्या वेतनावर राबणारे लोक स्वतः बोलतात. २०२० मध्ये करोनामुळे ही सभा ऑनलाइन घ्यावी लागली. जून २०२२ मध्ये ती पुन्हा वॉशिंग्टनच्या रस्त्यावर भरली.

गोऱ्या आणि कृष्णवर्णीय गरिबांची गाऱ्हाणी बरीचशी सारखीच आहेत, पण ती एकमेकांना ऐकू जाण्यासाठी त्यांना आधी एका जागी बसावे लागते. १९६८ च्या चिखलात हे बसणे अर्धवट राहिले. ते पूर्ण करण्याचा प्रयत्न अजून सुरू आहे.